कुक्कू (इंग्रजी शब्द)

कुक्कू : इंग्रजीतील एक ध्वन्यनुकारी (आवाजाच्या नकलेतून बनलेले) नाम. उन्हाळ्यात यूरोपात येणाऱ्या ‘कुकुलुस कॅनोरस’ या पक्ष्याच्या नराची साद दोन सुरांची असून पहिला सूर चढा, तर दुसरा उतरता असतो. या सादेवरूनच नाव पडले. मराठीत ‘कोकीळ’ हा प्रतिशब्द रूढ असला, तरी आपला कोकीळ ही त्याच कुलातील निराळी जाती होय.

शब्दाच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. प्राचीन इंग्रजीत या पक्ष्याला ‘येआक’ म्हणत. त्याचा सगोत्र (समान मूळाचा) ‘गाउक’ हा शब्द स्कॉटलंडमध्ये टिकून राहिला. ‘कुक्कू’ हे रूप साधारणतः तेराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, ब्रिटिश लायब्ररीतील ‘हार्ली ९७८’ या हस्तलिखितातल्या ग्रीष्मगीतात ठळकपणे आढळते. काही अभ्यासक ते प्राचीन फ्रेंच ‘कुकू’वरून उसने घेतलेले मानतात, तर काहींच्या मते इंग्रजांनी ते थेट पक्ष्याच्या तोंडून उचलले. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतरचा फ्रेंचचा प्रभाव पाहता पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. लॅटिन ‘कुकुलुस’, ग्रीक ‘कोक्किक्स’ व संस्कृत ‘कोकिल’ यांचे साम्य मात्र समान मूळापेक्षा स्वतंत्र अनुकरणातून आले असावे.

उच्चाराचा पुरावा विशेष बोलका आहे. सतराव्या शतकाच्या सुमारास दक्षिण इंग्लंडच्या बोलीत ऱ्हस्व ‘उ’चा उच्चार अनेक शब्दांत ‘अ’कडे झुकला; ‘कप’ व ‘कट’ हे आजचे उच्चार त्यातूनच आले. याच पक्ष्याच्या फ्रेंच नावावरून बनलेला ‘ककोल्ड’ (व्यभिचारिणीचा पती) हा शब्दही त्या बदलात सापडला. ‘कुक्कू’तला ‘उ’ मात्र ढळला नाही, कारण दर वसंतात पक्षी मूळ ध्वनी पुन्हा ऐकवत राहिला.

भाषाशास्त्रज्ञ माक्स म्यूलर यांनी १८६१ मधील व्याख्यानांत अशा अनुकरणात्मक शब्दांना निर्मूळ व वांझ (ज्यांपासून नवे शब्द फुटत नाहीत असे) ठरवले. हे मत एकांगी आहे. दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालण्याच्या सवयीशी जोडला जाणारा ‘ककोल्ड’, तसेच पक्ष्याच्या चोचीसारख्या आकारामुळे ‘कोक्किक्स’ हे नाव मिळालेले माकडहाड, हा या नावांचाच विस्तार आहे.

‘कुक्कू’चा ‘वेडसर’ हा अर्थ पुढे विसाव्या शतकात, मुख्यतः अमेरिकी बोलीत रुळला.