चेंडू वर जाताना बल कुठलं?

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी झोपाळ्यावर बसून भाची मोबाइलवर न्यूटनचे नियम बघत होती. अकरावी सायन्स. व्हिडिओ सुरेख होता, आवाज स्वच्छ, बाण रंगीत.

"कळलं?"

"हो मावशी, एकदम सोप्पं."

मी वही पुढे केली. चेंडू हातातून सुटून वर चाललाय, हवेचा विरोध सोडून दे, त्याच्यावर कुठलं बल आहे? तिने खाली गुरुत्वाकर्षणाचा बाण काढला आणि वर त्याहून मोठा, 'हाताचं बल'. खरं तर हात सुटला की हाताचं बलही संपतं. चेंडू वर जातो तो आधी मिळालेल्या वेगामुळे. व्हिडिओत हेच सांगितलं होतं, दहा मिनिटांपूर्वी.

पोरीचं लक्ष नव्हतं असं मला वाटत नाही. विज्ञानाचे व्हिडिओ करणारे डेरेक म्युलर यांनी सिडनी विद्यापीठात पीएचडी करताना असाच प्रश्न हाताळला. काही विद्यार्थ्यांना नीटनेटकं स्पष्टीकरण दाखवलं. त्यांना ते स्वच्छ, सोपं वाटलं, पण गुण जवळजवळ होते तिथेच राहिले. दुसऱ्यांना दाखवला एक संवाद. त्यात आधी चुकीची समजूत बोलून दाखवली जाते, मग तिची उलटतपासणी होते. त्यांना हा व्हिडिओ गोंधळाचा वाटला, डोकं जास्त चालवावं लागलं, आणि गुण त्यांचेच वाढले. ओळखीचे शब्द कानावर पडले की मन 'हे तर येतंच' म्हणून मोकळं होतं, आणि आतली जुनी समजूत जागची हलत नाही. ती आधी तोंडातून बाहेर यायला हवी.

व्हिडिओ लहान ठेवा, हा सल्लाही बरोबरच आहे. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या ६९ लाख वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंच्या नोंदी २०१४ साली तपासल्या, तेव्हा व्हिडिओ कितीही लांब असो, बघणं साधारण सहा मिनिटांपलीकडे जात नव्हतं. पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो हार्वर्डमधला २०१३चा प्रयोग. संख्याशास्त्राच्या २१ मिनिटांच्या व्याख्यानाचे चार तुकडे केले. प्रत्येक तुकड्यानंतर ज्यांना थोडे प्रश्न विचारले, त्यांचं मन, मध्येच 'लक्ष कुठे आहे?' असं विचारलं तेव्हा, १९ टक्के वेळा भरकटलेलं सापडलं. ज्यांना प्रश्न विचारले नाहीत त्यांचं ४१ टक्के वेळा. प्रश्नवाल्यांनी टिपणंही जास्त काढली.

चित्र दाखवून शिकवणं बडोद्याला नवं नाही. सयाजीराव महाराजांनी १९१०मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभारलं, त्यात मॅजिक लँटर्न (काचेवरची चित्रं पडद्यावर पाडणारा दिवा) आणि फिल्म गावोगाव नेऊन दाखवणारी वेगळी शाखा होती. शंभर वर्षांत पडदा खिशात आला, शेजारी बसून विचारणारं माणूस मात्र हरवलं.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मिनिटाला मी पडद्यावर हात ठेवला. "चेंडू सगळ्यात वर पोचला, क्षणभर थांबला. त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, किती?"

"शून्य."

"लिही वहीत. आता पुढे बघ."

उत्तर आलं, ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, खालच्या दिशेने. तिने आपल्या शून्याकडे बघितलं, भुवया आक्रसल्या आणि व्हिडिओ स्वतःच मागे नेला. "थांब मावशी, काही सांगू नकोस."