हँडहेल्ड गेमिंग पीसी: विंडोज की स्टीमओएस, हा वाद आला कुठून?

हँडहेल्ड पीसी, म्हणजे हातात धरून गेम खेळायचा छोटा संगणक, घ्यायचा म्हटलं की बोलणं चिप, स्क्रीन आणि किमतीवर येतं. माझ्या मते खरी निवड सॉफ्टवेअरची आहे, आणि तिची मुळं २०१२ पर्यंत जातात.

त्या वर्षी विंडोज ८ आलं, सोबत मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं ॲप स्टोअर. स्टीम या आपल्या ऑनलाइन दुकानातून पीसी गेम विकणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचे प्रमुख गेब न्यूएल यांनी विंडोज ८ हे पीसी जगतावरचं अरिष्ट असल्याचं जाहीरपणे सांगितलं. भाड्याच्या गाळ्यात दुकान जोरात चाललंय आणि घरमालकाने शेजारी तोच धंदा सुरू केलाय, अशी ती धास्ती होती. त्यातून लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर आधारलेली व्हॉल्व्हची स्टीमओएस जन्मली आणि २०१५ मध्ये ती चालवणारी ‘स्टीम मशीन’ ही गेमिंग संगणकांची मालिका बाजारात आली. ती सपशेल आपटली, कारण लिनक्सवर चालणारे गेम होतेच किती? मग २०१८ मध्ये व्हॉल्व्हने प्रोटॉन हे सॉफ्टवेअर आणलं. विंडोजसाठी लिहिलेले गेम त्याच्यामुळे लिनक्सवर चालू लागले.

तिकडे चीनमध्ये जीपीडी कंपनीने २०१६ मध्ये लोकवर्गणीतून ‘जीपीडी विन’ हा हँडहेल्ड काढला होता: साडेपाच इंची स्क्रीन, इंटेल ॲटम, अख्खं विंडोज १०. जुने गेम चालायचे, नवे मान टाकायचे. एएमडी कंपनीच्या रायझन चिपने १५ वॉटमध्ये बरे ग्राफिक्स दिले तेव्हा कुठे चित्र पालटलं. २०२१ चा आयानिओ हा हँडहेल्ड त्यावरच उभा होता, पण महाग.

फेब्रुवारी २०२२ मध्ये व्हॉल्व्हचा स्वतःचा, स्टीमओएसवर चालणारा हँडहेल्ड स्टीम डेक आला, ३९९ डॉलरपासून. त्याची १२८० बाय ८०० ची स्क्रीन अनेकांना कंजुषी वाटली. पण पिक्सेल कमी तर चिपवर ताण कमी, आणि ४० वॉट-अवरच्या बॅटरीवर तोच हिशेब महत्त्वाचा. शिवाय बटण दाबलं की गेम आहे तिथे थांबतो, पुन्हा दाबलं की तिथूनच सुरू. विंडोजला हे आजही बेभरवशाचं जमतं.

२०२३ मध्ये असूसचा आरओजी ॲलाय विंडोज ११ घेऊन आला. स्क्रीन फुल एचडी, १२० हर्ट्झ. बॅटरी मात्र तेवढीच, ४० वॉट-अवर. पुढच्याच वर्षी ॲलाय एक्समध्ये ती दुप्पट करावी लागली, यातच सगळं आलं. २०२५ मध्ये दोन्ही वाटा एकमेकींत शिरल्या. लेनोवोने लीजन गो एस स्टीमओएससह विकला, तर असूस आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ॲलायमध्ये डेस्कटॉप बाजूला सारून थेट गेमची स्क्रीन उघडू लागली.

भारतात स्टीम डेक व्हॉल्व्हने अधिकृतपणे आणलाच नाही. घ्यायचा तर बाहेरून, इथल्या वॉरंटीविना. त्यामुळे आपल्याकडे निवड बहुतेकदा आपोआपच विंडोजची होते. आणि व्हॅलोरंट हा ऑनलाइन नेमबाजीचा गेम खेळणाऱ्यांपुढे तर प्रश्नच नाही: त्याचं व्हॅनगार्ड हे अँटी-चीट, म्हणजे खेळातली फसवणूक रोखणारं सॉफ्टवेअर, लिनक्सवर चालत नाही, प्रोटॉन असो वा नसो.