स्पॅनिश नातेसंज्ञा

स्पॅनिश भाषेत कुटुंबातील माणसांचा निर्देश करणारे शब्द आणि त्यांच्यासह साधी वाक्ये रचताना लागणारे व्याकरण यांचा विचार या नोंदीत केला आहे. स्पेनसह वीस देशांत राजभाषेचे स्थान असलेली ही भाषा शिकणाऱ्याने पहिल्याच पायरीवर, म्हणजे यूरोपीय भाषांसाठी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सामाईक चौकटीतील ‘अ-१’ पातळीवर, स्वतःची आणि घरच्या माणसांची ओळख करून द्यावी, अशी अपेक्षा असते. त्यामुळे बहुतेक पाठ्यक्रमांत हा धडा अभिवादन आणि अंक यांच्या पाठोपाठ येतो. मराठी भाषक हा धडा सहसा इंग्रजीच्या मध्यस्थीने शिकतो आणि ही मध्यस्थी बरेचदा नडते, कारण नात्यांच्या बाबतीत स्पॅनिश कित्येक ठिकाणी इंग्रजीपेक्षा मराठीला जवळची आहे.

उच्चाराविषयी आधी थोडे सांगणे आवश्यक आहे. स्पॅनिशमधील त आणि द हे मराठीतल्याप्रमाणेच दंत्य आहेत. इंग्रजीच्या सवयीने त्यांचे ट आणि ड करणे टाळावे. शब्दारंभी लिहिला जाणारा ‘आचे’ (h) हा वर्ण उच्चारला जात नाही, म्हणून भावासाठीचा शब्द ‘एर्मानो’ असाच ऐकू येतो. ‘इहो’ (मुलगा) या शब्दातील ह (लेखनात j) स्पेनच्या बऱ्याच भागांत घशातून घासून काढला जातो आणि फारसी शब्दांतील नुक्तायुक्त ख़सारखा वाटतो. कॅरिबियन प्रदेशात तो साध्या ह सारखा मऊ असतो. आघाताला, म्हणजे शब्दातील एखाद्या अक्षरावर दिलेल्या जोराला, अर्थ असतो, आणि देवनागरीत तो दाखविण्याची सोय नाही: शेवटच्या अक्षरावर आघात दिला तर ‘पापा’ म्हणजे बाबा, पहिल्यावर दिला तर लॅटिन अमेरिकेत बटाटा आणि रोमच्या संदर्भात पोप.

मूळ संज्ञा लॅटिनमधून आल्या आहेत. पाद्रे (वडील), माद्रे (आई), इहो व इहा (मुलगा, मुलगी), एर्मानो व एर्माना (भाऊ, बहीण), आब्वेलो व आब्वेला (आजोबा, आजी), न्येतो व न्येता (नातू, नात) हा घरातला गाभा होय. यांपैकी ‘पाद्रे’ मराठीला अनोळखी नाही; ख्रिस्ती धर्मगुरूसाठी आपण वापरतो तो ‘पाद्री’ हा शब्द पोर्तुगीजमधील याच शब्दापासून आलेला आहे. न्येतो आणि नातू यांचे साम्यही योगायोगाचे नाही: पहिल्यामागे लॅटिन ‘नेप्तिस’ आणि दुसऱ्यामागे संस्कृत ‘नप्तृ’ असून ही दोन्ही रूपे एकाच आद्य भारोपीय मुळातून निघालेली आहेत. सुनेसाठीचा ‘न्वेरा’ आणि मराठी ‘सून’ यांचेही तसेच आहे. लॅटिन ‘नुरुस’ आणि संस्कृत ‘स्नुषा’ ही एकमेकांची भावंडे. सासऱ्याचा ‘स्वेग्रो’ व सासूची ‘स्वेग्रा’ श्वशुर आणि श्वश्रू यांच्या गोत्रातील आहेत. भावाच्या बाबतीत मात्र स्पॅनिशने वाट बदलली. ‘भ्रातृ’शी नाते सांगणारा लॅटिन ‘फ्रातेर’ फ्रेंच आणि इटालियन भाषांनी भावासाठी ठेवला, पण स्पॅनिशमध्ये तो ‘फ्राइले’ या रूपाने मठवासी साधूकडे गेला. त्याच्या जागी ‘फ्रातेर गेर्मानुस’, म्हणजे सख्खा भाऊ, या जोडशब्दातील विशेषण एकटेच उरले आणि ‘एर्मानो’ झाले. जणू मराठीने ‘भाऊ’ टाकून नुसते ‘सख्खा’ एवढेच म्हणावे.

काका, मामा, मावशी आणि आत्या यांच्याविषयी विद्यार्थी पहिला प्रश्न विचारतो तो असा, की वेगवेगळे शब्द कोणते? उत्तर असे, की वेगवेगळे शब्द नाहीत. पुरुषाला तीओ आणि स्त्रीला तीआ. काका, मामा आणि त्यांच्या पंक्तीत बसणारे आत्याचे व मावशीचे यजमान हे सगळे तीओ, तर आत्या, मावशी, काकू आणि मामी या सगळ्या तीआ. प्राचीन लॅटिनमध्ये असे नव्हते. तिथे काका ‘पात्रुउस’, मामा ‘आवुंकुलुस’, आत्या ‘आमिता’ आणि मावशी ‘मातेर्तेरा’ असे चार स्वतंत्र शब्द होते आणि त्यांची मांडणी मराठी माणसाला घरच्यासारखी वाटेल अशी होती. उत्तरकालीन लॅटिनमध्ये ग्रीकमधून आलेल्या ‘थियुस’ या शब्दाने स्पेन आणि इटली येथे ही चारही घरे व्यापली. फ्रेंचने आवुंकुलुस आणि आमिता यांचे वंशज जपले, पण तेही मामा आणि आत्या या नेमक्या अर्थांनी नव्हे, तर सरसकट. आज स्पॅनिशमध्ये बाजू सांगायचीच असेल, तर ‘पोर पार्ते दे माद्रे’ (आईकडून) किंवा ‘पोर पार्ते दे पाद्रे’ (वडिलांकडून) अशी पुस्ती जोडावी लागते. हीच गत पुढच्या पिढीची: पुतण्या आणि भाचा दोघेही सोब्रीनो, आणि चुलत, मामे, आते, मावस ही सगळी भावंडे प्रीमो व प्रीमा. ‘प्रीमो’चा मूळ अर्थ ‘पहिला’ असा असून तोही एका जोडशब्दातील उरलेला तुकडा आहे. येथे एक भेद ध्यानात ठेवावा: मराठीत चुलत भाऊ हाही भाऊच असतो, स्पॅनिशमध्ये प्रीमोला एर्मानो म्हटले तर ऐकणारा तो सख्खा समजतो.

सासरच्या नात्यांत कुन्यादो आणि कुन्यादा या दोन शब्दांवर सर्व भार आहे. दीर, मेहुणा आणि भावोजी हे कुन्यादो. नणंद, मेहुणी, वहिनी आणि भावजय या कुन्यादा. लॅटिनमध्ये या शब्दाचा पूर्वज रक्ताच्या नातेवाइकासाठी होता, स्पॅनिशने तो नेमका लग्नाने जोडलेल्यांकडे वळविला. जावयाला येर्नो म्हणतात. पण स्पॅनिश नातेव्यवस्थेतील मराठी वाचकाला सर्वांत आपली वाटणारी जागा याच्या पुढे आहे. मुलाच्या किंवा मुलीच्या सासऱ्याला ‘कोन्स्वेग्रो’ आणि सासूला ‘कोन्स्वेग्रा’ असे रोजच्या वापरातले शब्द आहेत. ते आपले व्याही आणि विहीण. इंग्रजीत या नात्याला सरळ नाव नाही, त्यामुळे इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकांत हे शब्द क्वचितच भेटतात आणि ज्याला ते सहज कळले असते त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. तसाच ‘कोंकुन्यादो’ हा शब्द आहे: जोडीदाराच्या भावंडाचा जोडीदार, म्हणजे पुरुषाच्या बाजूने साडू आणि स्त्रीलिंगी रूपात जाऊ.

नवऱ्यासाठी मारीदो व एस्पोसो, बायकोसाठी मुहेर व एस्पोसा असे पर्याय आहेत. ‘मुहेर’चा मूळ अर्थ स्त्री असल्याने ‘मी मुहेर’ (येथे स्पॅनिश ‘मी’ म्हणजे माझी) हे मराठी ‘माझी बाई’पेक्षा ‘माझी बायको’च्या रांगेत बसते, कारण बायको या शब्दानेही एकेकाळी नुसता स्त्री असा अर्थ दाखविला आहे. स्पेनमध्ये हे रूप सर्रास चालते, मेक्सिकोत एस्पोसा अधिक ऐकू येते. ‘एस्पोसास’ या अनेकवचनाचा दुसरा अर्थ बेड्या असा आहे. त्यावर स्पॅनिश भाषकांनी करायचे ते सारे विनोद करून झाले आहेत. सावत्र नात्यांना ‘-आस्त्रो’ हा प्रत्यय लागतो: पाद्रास्त्रो, माद्रास्त्रा, इहास्त्रो. मराठीत ‘सावत्र भाऊ’ दोन्ही अर्थांनी चालतो, पण स्पॅनिशमध्ये एक पालक समान असलेला भाऊ ‘मेद्यो एर्मानो’ आणि रक्ताचे काहीच नाते नसलेला ‘एर्मानास्त्रो’ असा भेद केला जातो.

लिंग आणि अनेकवचन यांचा नियम थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. बहुतेक नातेसंज्ञा ओकारान्त पुल्लिंगी आणि आकारान्त स्त्रीलिंगी अशा जोड्यांत येतात आणि स्वरान्त शब्दाला स जोडून अनेकवचन होते. मिश्र गटासाठी मात्र पुल्लिंगी अनेकवचन वापरतात. त्यामुळे ‘लोस पाद्रेस’ म्हणजे आईवडील, ‘लोस आब्वेलोस’ म्हणजे आजीआजोबा आणि ‘लोस एर्मानोस’ म्हणजे भाऊ किंवा भाऊबहिणी. ‘तेंगो त्रेस एर्मानोस’ या वाक्यातून तीन भाऊ आहेत की एक भाऊ आणि दोन बहिणी, हे कळत नाही, विचारावे लागते. मराठीने ही अडचण नपुंसकलिंगाने सोडविली आहे: भावंडे, मुले, माणसे. स्पॅनिश नामांत ते लिंग उरलेले नाही. पुल्लिंगाने सर्वांना सामावून घेण्याच्या या रीतीवर अलीकडे बराच वाद असून अर्जेंटिनासारख्या देशांत काही गट एकारान्त रूपे वापरतात. भाषेचे नियम ठरविणारी स्पेनची रॉयल अकादमी मात्र पुल्लिंगाच्या समावेशक वापरावर ठाम आहे.

मालकी दाखविणारी रूपे वरवर सोपी आहेत. एकवचनात ‘मी’ म्हणजे माझा, माझी, माझे, अनेकवचनात ‘मीस’. मराठी कानाला ‘मी पाद्रे’ हे ‘मी म्हणजे पाद्रे’ असे ऐकू येते, हा पहिल्या आठवड्यातला हमखास गोंधळ. ‘तू’ म्हणजे तुझा, आणि आघातचिन्हासह लिहिलेला तोच शब्द चक्क मराठी तू. ही रूपे वचनानुसार बदलतात, लिंगानुसार नाही. ‘न्वेस्त्रो’ (आमचा, आपला) मात्र लिंगानुसारही बदलते. खरी गोम ‘सू’ या रूपात आहे. त्याचा, तिचा, त्यांचा, आपला (तुमचा) या सर्वांसाठी हे एकच रूप असल्याने ‘सू एर्माना’ ऐकल्यावर बहीण कोणाची हे संदर्भानेच ठरते, आणि संशय राहिला तर ‘दे एल’ (त्याची) किंवा ‘दे एया’ (तिची) असे फोडून सांगतात. षष्ठीचा क्रम मराठीच्या उलट असतो: ‘एल तीओ दे मी माद्रे’ हे शेवटाकडून वाचले की ‘माझ्या आईचे काका’, किंवा मामा, असे होते.

‘असणे’ या एका मराठी क्रियापदाच्या जागी येथे तीन क्रियापदे लागतात. ‘मला दोन भाऊ आहेत’ असे आपण म्हणतो, स्पॅनिश माणूस ‘तेनेर’ हे क्रियापद वापरून ‘तेंगो दोस एर्मानोस’ म्हणतो. त्याची रूपे तेंगो, त्येनेस, त्येने, तेनेमोस, तेनेइस, त्येनेन अशी असून वयही याच क्रियापदाने सांगतात: ‘तेंगो बेइंते आन्योस’, मला वीस वर्षे झाली. (‘आन्योस’मधील न्य नीट उच्चारावा, त्याचा साधा न केला तर वर्षांऐवजी शरीराच्या एका अवघड भागाचा उल्लेख होतो.) ओळख, नाते आणि व्यवसाय यांसाठी ‘सेर’, तर अवस्थेसाठी ‘एस्तार’: ‘मी पाद्रे एस माएस्त्रो’ (माझे वडील शिक्षक आहेत), पण ‘मी एर्माना एस्ता कासादा’ (माझ्या बहिणीचे लग्न झाले आहे). मृत्यू ही कायमची गोष्ट असूनही तिथे एस्तार येते, म्हणून ‘कायमचे ते सेर, तात्पुरते ते एस्तार’ हा शिकवणीतला नियम फार ताणू नये. ‘सोमोस सिंको’ ही रचना मात्र थेट आपली आहे: आम्ही पाच जण आहोत.

याच ठिकाणी मराठी माणसाची एक खास चूक घडते. आपण वडिलांविषयी आदरार्थी अनेकवचन वापरतो आणि त्याच ओघात ‘एस’ऐवजी ‘सोन’ हे अनेकवचनी रूप तोंडात येते. स्पॅनिशमध्ये आदर क्रियापदाच्या अनेकवचनाने दाखवीत नाहीत; ‘मीस पाद्रेस सोन’ म्हटले तर आई आपोआप वाक्यात येते.

दुसरीकडे, इंग्रजी भाषकांना महिनोन्‌महिने छळणारा एक नियम मराठी माणसाला आयता मिळतो. कर्म जर ठरावीक व्यक्ती असेल, तर तिच्याआधी ‘आ’ हे अव्यय येते: ‘बुस्को आ मी एर्मानो’, पण ‘बुस्को उन लिब्रो’. मराठीत ‘मी भावाला शोधतो’, पण ‘मी पुस्तक शोधतो’. ला प्रत्यय जिथे लागतो तिथे सहसा ‘आ’ लावावे, एवढे सूत्र सुरुवातीला पुरते. तेनेरनंतर बहुधा हे अव्यय येत नाही.

वयाचा क्रम ‘मायोर’ (थोरला) आणि ‘मेनोर’ (धाकटा) या विशेषणांनी दाखवितात आणि ती नामानंतर येतात. थोरल्या बहिणीला ताई म्हणावे तसे स्वतंत्र संबोधन नाही, तिला नावानेच हाक मारतात. जिव्हाळा दाखवायला ‘-ईतो’, ‘-ईता’ हे प्रत्यय आहेत: आब्वेलीता, एर्मानीतो. आजीसाठी स्पेनच्या पूर्व भागात ‘याया’, तर अर्जेंटिनात इटालियन स्थलांतरितांबरोबर आलेले ‘नोना’ प्रचलित आहे. आईवडिलांना आज बहुतेक ठिकाणी एकेरी ‘तू’ किंवा, अर्जेंटिना आणि उरुग्वाय येथे, ‘बोस’ म्हणतात. कोलंबियाच्या काही भागांत मात्र घरातही आदरार्थी ‘उस्तेद’ टिकून आहे. आईला अरे-तुरे आणि वडिलांना अहो-जाहो अशी महाराष्ट्रातील कित्येक घरांत रुळलेली विभागणी तिथे रूढ नाही.

स्पॅनिश आडनावांची रीत कुटुंबाच्या धड्यातच शिकविली जाते. प्रत्येकाला दोन आडनावे असतात, परंपरेने पहिले वडिलांचे आणि दुसरे आईचे: कोलंबियन कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस यांचे वडील गार्सिया आणि आई मार्केस. स्पेनमध्ये लग्नानंतर स्त्रीचे आडनाव बदलत नाही, म्हणून आई, वडील आणि मूल या तिघांची आडनावे वेगवेगळी असणे हे तेथे नेहमीचेच. १९९९ च्या कायद्याने आईचे आडनाव आधी लावण्याची मुभा मिळाली, आणि २०१७ पासून वडिलांचे आडनाव आपोआप पहिले धरण्याची पद्धत संपून क्रम आईवडिलांनी मिळून कळवावा लागतो.

रक्ताच्या आणि लग्नाच्या नात्यांखेरीज बाप्तिस्म्याने जुळणारी नाती आहेत. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणारे ते पाद्रीनो आणि माद्रीना, मूल ते आइहादो. या विधीमुळे मुलाचे आईवडील आणि पाद्रीनो-माद्रीना हे परस्परांचे कोंपाद्रे व कोमाद्रे होतात. मेक्सिकोत आणि मध्य अमेरिकेत हे दुसरे नाते पहिल्याहून जास्त जपले जाते, आणि अडीअडचणीत पैसे मागायला माणूस सख्ख्या भावाआधी कोंपाद्रेच्या दारी जाण्याची शक्यता असते.