ट्रॅकर लावला की वीज दुप्पट?
"सोलर पॅनल सूर्यामागे फिरवणारा ट्रॅकर घरीच बनवा, वीज दुप्पट!" गोव्यात फोंड्यापासून काणकोणापर्यंत हे ऐकू येतं. दुप्पट होत नाही. पॅनल सूर्यापासून 30 अंश तिरकं असलं तरी थेट उन्हातला तोटा साधारण 13 टक्केच. 60 अंशांवर मात्र निम्मा. म्हणजे ट्रॅकरची कमाई सकाळ-संध्याकाळची, वर्षाकाठी बहुधा 15 ते 25 टक्के. आणि आपला पावसाळा? ढगाळ आभाळात उजेड चहूकडून येतो, तेव्हा आडवं पॅनलच बरं. एलडीआरवाला (उजेड ओळखणाऱ्या सेन्सरवर चालणारा) घरगुती ट्रॅकर मात्र ढगांच्या कडा शोधत उगाच मान हलवतो, मोटर झिजवतो. खाऱ्या वाऱ्याने गंजणारे सांधे वेगळेच. त्यापेक्षा एखादं पॅनल जास्त बसवलेलं परवडतं.