जुनं इंटरनेट पाहायचं तर रेंज कमीच हवी

१९९५ साली ‘जोडी’ नावाच्या युरोपातल्या कलाकार-जोडगोळीनं एक वेबपान तयार केलं. काळ्या पडद्यावर हिरवी टिंबं, तिरप्या रेघा, कंस, आकडे. बघणाऱ्याला वाटे, कॉम्प्युटर गेला कामातून! खरं चित्र होतं पानामागच्या कोडमध्ये. तिथं याच चिन्हांनी बॉम्बची आकृती काढलेली होती.

मग पडद्यावर ती दिसेना का? कोडमध्ये तुम्ही नवी ओळ घ्या की दहा वेळा स्पेस द्या, ब्राउझर त्या सगळ्याला एकच रिकामी जागा समजतो. ओळ मोडायची तर तशी खूण वेगळी द्यावी लागते. चौफुलीवर लावलेली पऱ्हाटी आठवा. उभी-आडवी तासं सरळ, म्हणून डवरा दोन्हीकडून चालतो. तीच झाडं एका लांबलचक तासात लावली तर झाडं तेवढीच राहतील, चौफुली मोडेल. गावच्या सेवा केंद्रात गर्दी नसेल तेव्हा नोटपॅडमध्ये अक्षरांची बैलजोडी काढा, फाइल एचटीएमएल (म्हणजे वेबपानाची फाइल) म्हणून सेव्ह करा आणि ब्राउझरमध्ये उघडा. बैल ओळखू येणार नाहीत.

या कलेला नेट-आर्ट म्हणतात. तिला ना चौकट, ना गॅलरी, ना तिकीट. १९९७ मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’ या बड्या प्रदर्शनानं तिला जागा दिली. प्रदर्शन संपल्यावर वेबसाइट काढून टाकणार म्हणताच वुक चोसिच या स्लोव्हेनियन कलाकारानं ती अख्खी कॉपी करून घेतली. चोरीच ती, पण कामाची.

मला सगळ्यात आवडते ती रशियाच्या ओल्या लियालिनाची १९९६ ची कृती, ‘माय बॉयफ्रेंड केम बॅक फ्रॉम द वॉर’. प्रियकर युद्धावरून परतलाय आणि दोघांना बोलणं जमत नाही. क्लिक केलं की पडदा दुभंगतो, तुकड्यांचे आणखी तुकडे होतात. प्रत्येकात एखादं बारकं काळं-पांढरं चित्र नाहीतर तुटकं वाक्य. तेव्हाचा २८.८ किलोबिटचा मोडेम, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून नेट आणणारी पेटी, सेकंदाला जेमतेम साडेतीन किलोबाइट ओढायचा. वीस किलोबाइटचं चित्र यायला पाच-सहा सेकंद. तेवढा वेळ समोरचा माणूस गप्प आहे असंच वाटे. आजच्या फायबरवर ते गप्प राहणंच उडून जातं. न्यूयॉर्कची ‘रायझोम’ ही संस्था अशा जुन्या कलाकृती जुन्याच ब्राउझरची नक्कल करून दाखवते, ती उगाच नाही.

भारतात सामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, तेही मोठ्या शहरांत. विदर्भातल्या बहुतेक खेड्यांनी मोडेम पाहिलाच नाही, नेट आलं ते थेट मोबाइलवर. पण थांबणं आपल्याला नवं नाही. मेळघाटात रेंजसाठी टेकडी चढणाऱ्याला लियालिनाचे ते अबोल सेकंद बर्लिनच्या समीक्षकापेक्षा लवकर उमगतील, असं माझं मत.

तिची ती कृती आजही नेटवर आहे. फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्क २जी करा आणि मग उघडा. तुमच्या सिमच्या कंपनीकडे २जी नसेलच, तर शेजाऱ्याचा फोन मागा.