दोन जेवणांच्या मधलं पोट

‘दीक्षित की दिवेकर?’ काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात हा प्रश्न लग्नाच्या पंगतीपासून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत सगळीकडे विचारला जात होता. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत, डॉ. श्रीकांत जिचकारांच्या कल्पनेला धरून, की दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपा. ऋजुता दिवेकरांचं म्हणणं, थोडं थोडं पण दर दोनेक तासांनी खा, आपल्या भागात पिकतं ते खा. भाऊ दीक्षितांचा आणि वहिनी दिवेकरांची, अशी घरंही होती. आता तो जोर ओसरलाय, पण ‘किती वेळा खावं’ हा वाद मिटलेला नाही. दीक्षित-दिवेकरांची जागा सोळा तासांच्या उपाशी राहण्याने घेतली, एवढंच.

त्या सगळ्या चर्चेत इन्सुलिन होतं, चरबी होती, चयापचय होता. घास पोटात गेल्यावर काय होतं यावर तावातावाने बोललं गेलं. दोन जेवणांच्या मधल्या वेळात पोट काय करतं, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही. बहुतेकांची समजूत अशी की अन्न पुढे सरकलं की जठर आणि आतडं स्वस्थ पडून राहतात. तसं नसतं. उपाशी पोटाचं स्वतःचं एक वेळापत्रक असतं आणि ते माझ्या मते शरीरातल्या सर्वांत देखण्या यंत्रणांपैकी एक आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेंट पीटर्सबर्गमध्ये पावलोव्हच्या प्रयोगशाळेत बोल्डिरेव्ह नावाचे संशोधक कुत्र्यांच्या पचनाचा अभ्यास करत होते. (पावलोव्ह म्हणजे घंटा आणि लाळवाले, त्यांना १९०४चं नोबेल मिळालं ते मात्र पचनाच्या कामासाठी.) बोल्डिरेव्हना दिसलं की उपाशी कुत्र्याचं जठर बराच वेळ शांत असतं, मग अचानक जोरात आकुंचन पावू लागतं, मग पुन्हा शांत. साधारण दर दीड-दोन तासांनी हे चालतं. पुढे १९१२ साली हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन यांच्या वॉशबर्न नावाच्या विद्यार्थ्याने नळीला जोडलेला रबरी फुगा चक्क गिळला. फुगा जठरात फुगवला, नळीचं दुसरं टोक दाब नोंदणाऱ्या उपकरणाला लावलं, आणि भुकेची कळ आली की वॉशबर्नने एक बटण दाबायचं असं ठरलं. भुकेची कळ आणि जठराचं आकुंचन एकाच वेळी येतात, असं त्या आलेखावर उमटलं. पोटात कावळे ओरडतात त्याची ही पहिली लेखी नोंद म्हणायला हरकत नाही.

खरं कोडं सुटलं १९६९मध्ये. अमेरिकेतल्या जोसेफ शुर्शेव्स्की यांनी कुत्र्याच्या लहान आतड्यावर ठिकठिकाणी विद्युतवाहक तारा बसवल्या आणि दिसलं ते असं: जोरदार आकुंचनांचा एक पट्टा आतड्याच्या सुरुवातीला उठतो, हळूहळू खाली सरकत शेवटपर्यंत पोचतो आणि तो पोचेपर्यंत वर दुसरा तयार होतो. याला ‘मायग्रेटिंग मोटर कॉम्प्लेक्स’ म्हणतात. आपण ‘सफाईची लाट’ म्हणू. जेवणावळ उठल्यावर उष्टी-खरकटी काढून पंगतीची जागा झाडून घ्यावी, तसं तिचं काम.

लाटेचे तीन टप्पे असतात. पहिल्यात शांतता, दुसऱ्यात विस्कळीत, कमीजास्त जोराची आकुंचनं, आणि तिसऱ्यात पाच-दहा मिनिटं एकामागून एक जोरदार आकुंचनं. मग पुन्हा शांतता. एक फेरी माणसात साधारण दीड ते दोन तासांची, कधी त्याहून लांब.

आता थोडं आत शिरू. जठराच्या आणि आतड्याच्या भिंतीत स्नायूंच्या थरांमध्ये काजाल पेशी नावाच्या पेशींचं जाळं असतं. (सान्तियागो रामोन इ काजाल हे स्पॅनिश शास्त्रज्ञ, चेतापेशींच्या रचनेसाठी त्यांना १९०६चं नोबेल मिळालं.) या पेशी अखंड, झोपेतसुद्धा, मंद विद्युतलहरी सोडत असतात. जठरात मिनिटाला ३, लहान आतड्याच्या सुरुवातीला मिनिटाला १२ आणि शेवटाकडे ८च्या आसपास. गंमत अशी की नुसत्या या लहरीने आतड्याचा स्नायू आकुंचन पावेलच असं नाही. लहर स्नायूपेशीतला विद्युतभार उंबरठ्याच्या जवळ आणून ठेवते. त्याच क्षणी चेतातंतूंकडून किंवा संप्रेरकाकडून धक्का मिळाला तर उंबरठा ओलांडला जातो आणि स्नायू आवळतो. धक्का नसेल तर लहर तशीच निघून जाते. पहिल्या टप्प्यातही लहरी चालूच असतात, पण त्या कोरड्या जातात. दुसऱ्या टप्प्यात काही लहरींवर आकुंचन होतं, काहींवर नाही. तिसऱ्या टप्प्यात मात्र एकही लहर फुकट जात नाही: जठरात मिनिटाला तीन, आतड्यात मिनिटाला अकरा-बारा, जेवढा वेग शक्य आहे तेवढ्या पूर्ण वेगाने. म्हणजे ताल कायम तोच असतो. परवानगी कधी मिळते आणि कधी नाही, यातून तीन टप्पे तयार होतात.

जठरात ही परवानगी मुख्यतः मोटिलिन नावाचं संप्रेरक देतं. २२ अमिनो आम्लांची ही छोटीशी साखळी लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून ठराविक अंतराने रक्तात सुटते आणि तिची पातळी शिखरावर असताना जठरातला तिसरा टप्पा सुरू होतो. त्याच सुमाराला पित्त आणि स्वादुपिंडाचे रसही थोडे वाढतात, म्हणजे झाडण्यासोबत धुणंही होतं. एरिथ्रोमायसिन हे जुनं अँटिबायोटिक घेतल्यावर अनेकांच्या पोटात मुरडा येतो, तो का, याचं उत्तर इथे सापडलं: ते औषध पेशीवरच्या मोटिलिनच्याच ग्राहकावर (रिसेप्टरवर) जाऊन बसतं. आज जठर सुस्तावलेल्या काही रुग्णांना ते याच गुणासाठी कमी मात्रेत देतात. (म्हणून कुणी उठून पोट साफ करायला अँटिबायोटिक घेऊ नये, हेही लिहायला लागतं आपल्याकडे.)

मोटिलिनच्या अभ्यासात एक अडचण होती. प्रयोगशाळेतले लाडके प्राणी म्हणजे उंदीर आणि घुशीच्या जातकुळीतले रॅट. उत्क्रांतीत या मंडळींचं मोटिलिनचं जनुक निकामी झालेलं आहे. मग जपानमधल्या सैतामा विद्यापीठाच्या संशोधकांनी एक छोटा प्राणी निवडला, ज्याच्यात मोटिलिनही आहे आणि माणसासारखे तिन्ही टप्पेही. तो प्राणी म्हणजे आपली चिचुंद्री! भिंतीच्या कडेने चूंचूं करत पळणारी, वास मारणारी तीच. ती उंदरासारखी दिसली तरी उंदरांच्या गटातली नाही, कीटकभक्षी सस्तन प्राण्यांतली आहे. आपण जिला झाडूने हाकलतो, तिच्याकडून आपल्या भुकेबद्दलचं ज्ञान मिळतंय.

या सफाईची गरज काय? जेवण चालू असताना जठराचं खालचं दार अगदी अरुंद उघडतं. एक-दोन मिलिमीटरपेक्षा लहान कण तेवढे पुढे जातात, बाकीचं पुन्हा मागे ढकलून घुसळलं जातं. पण चिक्कूची बी कितीही घुसळली तरी बारीक होत नाही. पोराने गिळलेला चिंचोका होत नाही. असल्या गोष्टी जेवणाच्या वेळी थांबून राहतात आणि तिसऱ्या टप्प्यात दार मोठं उघडलं की बाहेर पडतात. मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंनी वर सरकून लहान आतड्यात वस्ती करू नये, यालाही लाटेचा हातभार लागतो. १९७७ साली बेल्जियममधल्या ल्यूव्हनच्या व्हॅनट्रॅपेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्या रुग्णांच्या लहान आतड्यात जिवाणू माजले होते, त्यांच्यातल्या काहींमध्ये ही लाट जवळपास नव्हतीच. ल्यूव्हनच्याच संशोधकांच्या पुढच्या पिढीने वॉशबर्नच्या फुग्याचं कोडंही सोडवलं: जठरातल्या तिसऱ्या टप्प्याबरोबर भूक वाढते आणि त्यात मोटिलिनचा हात आहे.

आणि लाट थांबते कशाने? खाल्ल्याने. पोटात कॅलरी गेल्या की चेतातंतू आणि जेवणानंतरची संप्रेरकं मिळून तिला बंद पाडतात आणि पचनाची वेगळी, घुसळणारी हालचाल सुरू होते. साडेचारशे कॅलरींचं जेवण, म्हणजे दोन पोळ्या, भाजी, वरणभात एवढं, लाटेला साधारण साडेतीन तास थांबवतं. तेलातुपाचं जेवण जास्त वेळ. साध्या पाण्याने विशेष फरक पडत नाही. साखर-दुधाचा चहा आणि दोन बिस्किटं मात्र पोटाच्या हिशेबात खाणंच असतं.

आता रात्रीचं गणित करा. साडेआठला जेवलात तर बाराच्या सुमाराला सफाई सुरू होऊन सकाळपर्यंत तीन-चार फेऱ्या होतात. झोपेत दुसरा, विस्कळीत टप्पा जवळपास गळून जातो. शांतता आणि लाट, एवढंच उरतं. मुंबईत लोकलने दहाला घरी पोचून साडेअकराला जेवणाऱ्याची पहिली लाट पहाटे तीननंतर उठणार. शिवाय झोपेत आपण कमी गिळतो, लाळ कमी सुटते, त्यामुळे वर आलेलं आम्ल अन्ननलिकेत जास्त वेळ राहतं. जळजळ होणाऱ्यांना जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवा, उशाकडची बाजू उंच करा, असं डॉक्टर सांगतात ते यासाठी. डाव्या कुशीवर झोपण्याचा घरगुती सल्लाही इथे खरा ठरतो. त्या स्थितीत जठर अन्ननलिकेच्या खालच्या पातळीवर राहतं.

म्हणजे दीक्षित जिंकले? थांबा. लाटेवरून एवढंच म्हणता येतं की सतत चरत राहणं पोटाच्या रचनेला धरून नाही. त्यातून वजन उतरतं हे सिद्ध होत नाही. चीनमधल्या ग्वांगझू इथे स्थूल असलेल्या १३९ जणांना वर्षभर कमी कॅलरींचा आहार दिला. त्यातल्या निम्म्यांनी तो सकाळी आठ ते दुपारी चार या वेळेतच खायचा होता. निष्कर्ष २०२२मध्ये आला. वेळ पाळणाऱ्यांचं सरासरी वजन ८ किलोंनी उतरलं, न पाळणाऱ्यांचं ६.३ किलोंनी, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. घड्याळापेक्षा ताटात किती होतं, हेच महत्त्वाचं ठरलं.

झोपेचं पारडं त्यापेक्षा जड निघालं, निदान एका सुंदर प्रयोगात. शिकागोत एस्रा तसाली आणि सहकाऱ्यांनी रात्री साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणारे, वजन जास्त असलेले ८० तरुण निवडले. निम्म्यांना फक्त झोप कशी वाढवायची एवढं समजावलं. खाण्याबद्दल एक शब्द नाही, व्यायामाबद्दल नाही. त्यांची झोप सरासरी सव्वा तासाच्या आसपास वाढली आणि दुसऱ्या गटाच्या तुलनेत ते दिवसाला सुमारे २७० कॅलरी कमी खाऊ लागले. हाही अभ्यास २०२२चाच. दोनच आठवड्यांचा होता, त्यामुळे पुढे वर्षभर असंच चालतं का, हे त्यातून सांगता येत नाही. पण हा पुरावा विकत मिळणाऱ्या कुठल्याही ‘फॅट कटर’ चूर्णाच्या पुराव्यापेक्षा भारी आहे.

चूर्णांचा विषय निघालाच आहे तर. ‘तुमच्या आतड्याला वर्षानुवर्षांचा पाच किलो मळ चिकटलाय, आमच्या पावडरने सुटेल’ अशी जाहिरात मोबाइलवर रोज दिसते. लहान आतड्याचं आतलं अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं. ज्या भिंतीचा पृष्ठभागच आठवडाभर टिकत नाही, तिला वर्षानुवर्षं काय चिकटणार? पोट गुडगुडलं की ‘बेंबी सरकली’ म्हणून चोळून बसवणाऱ्यांचंही तेच. बेंबी हा नाळेचा व्रण आहे, तो कुठे जात नाही. गुडगुड होते ती वायू आणि द्रव एकत्र ढकलले गेल्याने, आणि रिकाम्या पोटात आवाज दाबायला अन्न नसतं म्हणून ती जास्त ऐकू येते.

दोन खाण्यांत अंतर ठेवायचं तर मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी ते मनाने ठरवू नये. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना जेवण चुकवलं तर रक्तातली साखर धोकादायक पातळीवर उतरू शकते. गरोदर बायका, वाढत्या वयाची मुलं, आम्लपित्ताचा अल्सर असलेले, यांचा हिशेब वेगळा. आणि प्रयत्न न करता वजन उतरत असेल, पोटदुखीने झोप मोडत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर ना दीक्षित ना दिवेकर. पोटाच्या डॉक्टरांची वेळ घ्यावी.