मोठं इंजिन, जुनी ट्रान्सफर केस : एका वादाची पार्श्वभूमी

जुन्या जीपमध्ये दुप्पट ताकदीचं इंजिन बसवायचं ठरलं की पुढचा प्रश्न येतोच : मूळची ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटणारी पेटी) टिकेल का? त्यावर दोन सल्ले हमखास मिळतात. ‘चेनवाली नको, गिअरवालीच घे’ आणि ‘बिडाची घे, ॲल्युमिनियमची नको’; म्हणजे आत ताकद चेन नेते की गिअर, आणि खोकं ओतीव लोखंडाचं की ॲल्युमिनियमचं. हे दोन्ही सल्ले १९७०च्या दशकात अमेरिकेत तयार झाले. ज्या गाड्यांमुळे ते तयार झाले त्या आपल्याकडे विकल्याच गेल्या नाहीत, पण सल्ले मात्र इथल्या गॅरेजांपर्यंत पोहोचले आणि मुक्कामाला राहिले.

१९४१च्या लष्करी जीपमध्ये जी केस होती, तिचाच पुढचा अवतार, डाना १८, १९४७पासून मुंबईत जीपची जुळणी सुरू झाल्यावर भारतात आला. लष्करी गाडीत लो रेशो, म्हणजे हळू पण जोरात ओढण्यासाठीच्या ‘लो’चा पट, १.९७ होता. युद्धानंतरच्या नागरी गाड्यांत तो २.४च्या थोडा वर गेला, कारण आता नांगर ओढायचे होते. पुढचा आणि मागचा, दोन्ही शाफ्ट केसच्या उजव्या बाजूनं निघतात. अमेरिकेत ती शेजाऱ्याची बाजू, आपल्याकडे ड्रायव्हरची. म्हणून सीजे३बी किंवा एमएम५४० या महिंद्राच्या जीपच्या खाली वाकून पाहिलं तर एक्सलवरचा पुढचा गोळा (डिफरन्शियल) ड्रायव्हरच्या पायाखाली दिसतो आणि मागचाही उजवीकडे सरकलेला असतो. इंजिन बदलणाऱ्याच्या दृष्टीनं हे सरकलेपण केसच्या मजबुतीपेक्षा जास्त त्रासदायक आहे. ते का, हे पुढे येईल.

डाना १८ची दुसरी खोड अशी, की हायमध्येसुद्धा, म्हणजे नेहमीच्या रस्त्यावरच्या चालीतही, ताकद थेट मागे जात नाही. गिअरबॉक्सच्या शाफ्टवरचा गिअर मधल्या गिअरला फिरवतो आणि मधला गिअर मागच्या शाफ्टवरच्या गिअरला. म्हणजे मुंबई–नाशिक रस्त्यावर टू-व्हीलमध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर, चाललेली जीपही सगळा वेळ दोन जोड्यांवर भार घेऊन चालते. तो ओळखीचा घोंघाट त्यातूनच येतो, आणि लांब पल्ल्यानंतर केसवर हात ठेववत नाही तेही त्यामुळेच. मधला गिअर ज्या पिनेवर फिरतो, ती अमेरिकेत पाऊण इंचावरून टप्प्याटप्प्यानं सव्वा इंचापर्यंत जाड केली गेली. बनवणाऱ्यांना दुखणं ठाऊक होतं, हे त्या पिनेवरूनच कळतं.

मोठ्या इंजिनाचा पहिला गंभीर प्रयोग कुठल्या मिस्त्रीनं नव्हे, खुद्द कारखान्यानं केला. १९६५मध्ये सीजे५ या अमेरिकी जीपला व्ही६ मिळालं. जुन्या चार सिलिंडरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ११४ फूट-पाउंड होता, याचा २३५. ट्रान्सफर केस तीच राहिली, डाना १८, आणि १९७१पर्यंत तशीच विकली गेली. ‘दुप्पट टॉर्कला ही केस चालत नाही’ असं ठामपणे सांगणाऱ्यांना ही सहा वर्षं बहुधा माहीत नसतात. १९७२मध्ये ५ लिटरचं व्ही८ आलं तेव्हा मात्र केस बदलली. डाना २०मध्ये मागचा शाफ्ट मध्यावर आला, हायमध्ये ताकद सरळ जाऊ लागली, घोंघाट कमी झाला. किंमत अशी मोजली, की लो रेशो २.०३वर घसरला. डोंगर चढणाऱ्यांना ते कधीच पटलं नाही. १९८०मध्ये बिडाचीच डाना ३०० आली, २.६२च्या लोसह. तिचं कौतुक आजही ऐकू येतं आणि ते रास्त आहे.

आता चेन. या एका गोष्टीवर जितकं भांडण झालं तितकं या विषयात दुसऱ्या कशावरही झालेलं नाही, आणि बहुतेक भांडणांत दोन वेगळ्या यंत्रांना एकच समजलं जातं.

१९७३पासून अमेरिकेतल्या मोठ्या जीपमध्ये, आणि १९७६पासून ऑटोमॅटिकवाल्या सीजे७मध्ये, कायम चारही चाकं फिरवणारी केस आली. तिच्यात गिअरबॉक्समधून आलेली सगळी ताकद आधी रुंद चेनवरून खाली उतरायची, मग डिफरन्शियलमधून पुढे-मागे वाटली जायची. चेनला सुट्टीच नव्हती. वरून व्ही८चा भार. चेन सैल झाली की दात ओलांडायची, तेव्हाचा खाडकन आवाज ऐकलेल्या पिढीनं चेनवर कायमची फुली मारली. त्या पिढीला दोष देता येत नाही.

पण १९८०च्या दशकाच्या अखेरीस रँग्लर या नव्या जीपमध्ये जी एनपी २३१ आली तिची रचना निराळी आहे. हायमध्ये ताकद पुढून आत येते आणि त्याच सरळ रेषेत मागच्या शाफ्टला जाते. लोमध्ये मधे प्लॅनेटरी गिअर (मधल्या गिअरभोवती फिरणाऱ्या छोट्या गिअरांचा संच) येतो, तरी मागचा रस्ता सरळच राहतो. चेन फक्त पुढच्या एक्सलचा वाटा नेते. टू-व्हीलमध्ये चाललेल्या गाडीत तिच्यावर जवळजवळ भारच नसतो. रस्त्यावर चालताना ‘गिअरवाली’ डाना १८ आपले गिअर झिजवत असते आणि ‘चेनवाली’ २३१ नुसती फिरत असते. हे वाक्य कुणाला रुचत नाही, पण दोन्ही केसेस टेबलावर खोलल्या की वाद उरत नाही.

२३१मध्ये उणिवा आहेत, फक्त त्या चेनच्या नावावर खपवू नयेत. प्लॅनेटरीत पिनियन, म्हणजे ते छोटे गिअर, तीन आहेत की सहा, हे चेनपेक्षा महत्त्वाचं. मागचा शाफ्ट सरकत्या योकवर, म्हणजे जोडावर, बसतो. गाडी उंच केली की शाफ्टचा कोन वाढतो आणि थरथर सुरू होते. अमेरिकेत त्यासाठी योक काढून आखूड, पक्का शाफ्ट बसवण्याचे संच सर्रास मिळतात. चेनचं पुनर्वसन पुढे कारखान्यानंच केलं : रँग्लरच्या २००३च्या रूबिकॉन मॉडेलला ४ लो रेशोची जी केस दिली ती चेनचीच होती. त्याच्या थोडं आधी, १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात, बाहेरच्या एका उत्पादकानं पूर्ण गिअरची केस ॲल्युमिनियमच्या खोक्यात बसवून बाजारात आणली. ५पर्यंतचा लो आणि प्रत्येक एक्सलला वेगळी लिव्हर, अशी. ‘बीड म्हणजे ताकद’ या समजुतीला तिथे तडा गेला. तरीही ट्रकमधली एनपी २०५ आजही आदर्श म्हणून दाखवली जाते. ती मजबूत आहे यात शंका नाही; पण वजन साठ किलोच्या वर आणि लो रेशो अवघा १.९६. आखूड जीपच्या पोटात तेवढं लोखंड टांगून लो गमावणं हा सौदा मला कधी समजला नाही. शिवाय ती इथल्या भंगार बाजारात मिळत नाही.

इंजिनाच्या टॉर्कचा आकडा धरून केस निवडण्याची पद्धतही तिथूनच आली. ती थोडी तपासून पाहण्यासारखी आहे. एमएम५४०चं प्युजो डिझेल सुमारे १२० न्यूटन-मीटर देतं. पहिला गिअर साधारण ४, लो साधारण २.४. शाफ्टपर्यंत साडेअकराशेच्या आसपास पोहोचतात. आता उलट बाजूनं पाहा. मागच्या चाकांवर ८०० किलो भार, कोरडी घट्ट जमीन, जुनी सोळा इंची रिमची टायरं, ५.३८ रेशोचा एक्सल : चाकं घसरण्याआधी मागचा शाफ्ट सोसतो साधारण ४२०. म्हणजे जुनं इंजिनसुद्धा लोमध्ये चाकांना पेलवेल त्याच्या दुपटीहून जास्त देत होतं. नवं २९० न्यूटन-मीटरचं इंजिन आल्यानं ही मर्यादा तसूभरही वाढत नाही. ३३ इंची टायरं घातली तर मात्र ती ४९०च्या आसपास जाते, आणि वजन वाढलं की आणखी. केसवरचा भार आधी टायरं वाढवतात, इंजिन नंतर.

या हिशेबाला दोन अपवाद आहेत आणि तुटफूट तिथेच होते. चाक दगडांत अडकलं की घसरणं बंद, मग इंजिनाचा सगळा टॉर्क थेट गिअरच्या दातांवर येतो. दुसरा अपवाद हायवे. जुनी जीप ऐंशीच्या पुढे जायला कुरकुरायची. नवं डिझेल तिला सहज शंभरावर नेतं, आणि डाना १८ची बेअरिंगं त्या वेगासाठी, त्या उष्णतेसाठी बनलेली नाहीत. आपल्याकडच्या इंजिन बदललेल्या जीपच्या केसेस सह्याद्रीच्या घाटवाटांपेक्षा एक्स्प्रेसवेसारख्या रस्त्यांवर जास्त लवकर वाजू लागतात, ते यामुळे.

मारुती जिप्सीची गोष्ट वेगळी. १९८५पासून तिची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला जोडलेली नसून रबरी माउंटिंगवर वेगळी टांगलेली आहे, मधे छोटा शाफ्ट. गिअरबॉक्स बदला, इंजिन बदला, केस जागची हलत नाही. म्हणून १.६ लिटरचं पेट्रोल इंजिन बसवलेल्या जिप्सी इतक्या दिसतात. टॉर्क वाढला की आधी त्रास देतात ती केस धरणारी माउंटिंगं, गिअर त्यानंतर.

सीजे आणि एमएमच्या मालकांना ही सोय नाही. गिअरबॉक्स आणि केस एकजीव असल्यानं नवं इंजिन आणताना तीन पर्याय उरतात. ॲडॉप्टर प्लेट लेथवर बनवून जुना गिअरबॉक्स आणि डाना १८ ठेवणं. नवा गिअरबॉक्स आणून त्यामागे जुनी केस जोडणं, जे सगळ्यांत खर्चीक आणि सगळ्यांत जास्त बिघडणारं काम आहे, कारण शाफ्टच्या दातांची जुळणी क्वचितच होते. किंवा इंजिन, गिअरबॉक्स, केस असा अख्खा संच एकाच दात्या गाडीतून उचलणं. तिसरा पर्याय आता रूढ होत चालला आहे. तिथे मघाचं सरकलेपण आडवं येतं : नव्या केसचा मागचा शाफ्ट मध्यावर आणि जीपचा गोळा उजवीकडे, म्हणजे मागचा एक्सलही बदला. पुढचा शाफ्ट डाव्या बाजूनं निघत असेल तर पुढचाही. अंदाजपत्रक याच ओळीवर दुप्पट होतं.

कायद्याचा अडथळा या सगळ्याच्या वर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, आणि जानेवारी २०१९च्या एका निकालानं ते आणखी घट्ट झालं. इंजिन क्रमांक आरसीवर असतो, ट्रान्सफर केसचा नसतो. त्यामुळे केस बदलण्याचा व्यवहार कागदावर कुठेच उमटत नाही आणि इंजिन बदलण्याचा मात्र आरटीओत अडकतो.

दरम्यान, इथल्या फोर-बाय-फोर गाड्यांसाठी ट्रान्सफर केस बनवणारी एक कंपनी पुण्यात भोसरीलाच आहे. २०२०च्या थारमधली केस २.५च्या आसपास लो रेशोची, लिव्हरवर चालणारी आणि डिझेलमध्ये ३०० न्यूटन-मीटर घेणारी आहे. अपघातात मोडलेल्या थारचे संच मिळू लागल्यावर एमएम५४०च्या मालकांची विचारपूस त्यांच्याकडे वळली आहे. पहिला प्रश्न ते अजून चेनचाच विचारतात. एक्सलचा विचारायला हवा.